दुधीची बातमी

१४ जुलै, संध्याकाळी ७
इंग्लंडात ब्रॅकनेलला मुलाकडे, अनुपकडे, येऊन दोन महिने झाले. इथल्या लोकल टीव्हीच्या बातम्या बघून डोकं उठतं. आजची पहिली बातमी: हंस रस्त्यात बसला, बस वीस मिनिटं खोळंबली. जग पेटलंय आणि यांचा हंस उठत नाही. एकतीस वर्षं पुण्यात उपसंपादक होतो, असला मजकूर थेट टोपलीत टाकायचो. निश्चय: उद्यापासून टीव्ही बंद.

१५ जुलै
हंसाचं काय झालं तेवढंच पाहिलं. उठला.

१९ जुलै
अनर्थ. शशिधरराव टीव्हीवर आले. म्हणजे आमचे व्याही, सूनबाई ऋजुताचे वडील, चाळीस वर्षं वॉटफर्डला असतात. कशासाठी? तर दुधीसाठी. काचघरात चार फुटी दुधी वाढवला म्हणून पूर्ण एक मिनिट, दुधी कडेवर घेऊन. नातवाने, विहानने, ती क्लिप अकरा वेळा लावली. मी मोजत नव्हतो. वॉटफर्ड-आजोबा फेमस आहे, म्हणतो. मला जरासुद्धा मत्सर वाटला नाही. जेवण गेलं नाही ते वांग्यामुळे.

२२ जुलै
मत्सर वाटतो. लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे? विहानला शाळेतून मी आणतो, त्याचे हरवलेले मोजे मी शोधतो, आणि फेमस कोण, तर दुधीवाला.
निश्चय: आपणही टीव्हीवर यायचं, पण विचार मांडायला. चॅनलला चार पानी ईमेल. दोन मिनिटांत उत्तर आलं की तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं. एवढ्या झटपट म्हणजे वाचणारा दर्दी असणार.

३० जुलै
लायब्ररीसमोर चॅनलची मुलगी कॅमेरामनला घेऊन उभी. घरी येऊन टाय लावला, परत गेलो. तिच्यासमोरून तीनदा फिरलो, चौथ्यांदा तिने थांबवलं. आजचा उकाडा कसा वाटतो, विचारलं. येस, व्हेरी हॉट म्हणून मी थेट जागतिक परिस्थितीवर आलो. साडेसहा मिनिटं. ती तीनदा ब्रिलियंट म्हणाली.
मधुमती म्हणते, पास दाखवला तरी बसचा ड्रायव्हर ब्रिलियंट म्हणतो. बायकोला माध्यमांतलं कळत नाही. पुण्याला चौदा फोन केले. शशिधररावांनाही एक, सहज.

३१ जुलै, संध्याकाळी ७
सगळे सोफ्यावर. आधी हंस, परत बसलाय. मग उकाडा. मी आलो. येस, व्हेरी हॉट. गेलो. पुढे आइस्क्रीम खाणारा कुत्रा, बराच वेळ.
विहानने विचारलं, आबा, आता तू काय बोलणार? अनुपने आवाज कमी केला. शशिधररावांचा फोन आला, छान बोललात म्हणाले. मनापासून म्हणाले, ते जास्त लागलं.

१० ऑगस्ट
शशिधररावांकडूनच बी मागवलं. विहान आणि मी परसात पेरलं. माती चांगली आहे, पाच फूट धरून चालू.
मधुमती म्हणाली, दुधी लागायला तीन महिने, आणि आपलं विमान बावीस तारखेला. पाणी कोण घालणार?
विहान म्हणाला, डोन्ट वरी आबा, वॉटफर्ड-आजोबा येणार ना दर संडेला, तो घालेल.