पायऱ्यांजवळचा दिवा

कर्जत, रविवार

प्रिय रोहिदास,

काल दवाखान्यात तुझ्याशेजारी दोन तास बसलो आणि हवापाण्याचं बोलून उठून आलो. तू मला रिक्षापर्यंत सोडायला आलास, "सायेब, तुमी रोज दगदग करू नका" म्हणालास, त्यानं तर मी आणखीच अवघडलो. तुझ्या आईच्या खुब्यात सळई घातलीय, निदान तीन महिने पारूबाई उभ्या राहणार नाहीत, आणि उद्या वीज कार्यालयात नवनाथ वायरमनची चौकशी आहे. कंत्राटी माणूस, दोन मुली शिकतायत. पायऱ्यांजवळचा दिवा त्याच्या हलगर्जीनं बंद राहिला, हा तुझा तक्रारअर्ज खरा ठरला तर त्याला घरी बसवतील. तू अर्ज रागानं केलास आणि राग साहजिक आहे. आई अंधारात वाडीच्या पायऱ्यांवरून पडल्यावर कोणीही हेच केलं असतं.

मी फार थकलोय रे. भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये वीज तयार करण्यात बत्तीस वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर दिवे झाकत फिरतोय, याची तू किती थट्टा केलीस! गेली चार वर्षं वनउद्यानासाठी माझं हेच चाललंय. रात्रीचं आकाश काळं राहावं, चांदण्या दिसाव्यात, पाखरं-किडे दिपून मरू नयेत म्हणून उद्यानातले आणि आसपासचे दिवे मंद, पिवळे आणि खाली तोंड केलेले हवेत. सांगायला सोपं. फार्महाउसवाल्यांच्या फाटकात उभं राहून पाय दुखायला लागले. एकानं पोहायच्या तलावाभोवती निळे दिवे लावलेत. पाण्यात रात्री कोणी उतरत नाही. लग्नाच्या लॉनवाला चहा पाजतो, मान डोलावतो आणि मे महिन्यात खुशाल आकाशात झोत सोडतो. खालापूरच्या बाजूला हायवेचा जो उजेड चढतो, त्याचं तर कोणाच्या फाटकात जाऊन सांगायचं?

तुमच्या वाडीनं मात्र एका बैठकीत ऐकलं. पारूबाईच तेवढ्या अडल्या. "सायेब, मुंबैची मान्सं वरचं बघाया येतात, येऊ द्या. आमाला पायाखालचं दिसाया पायजे," म्हणाल्या. सगळे हसले, पण मला ते पटलं. पायऱ्यांजवळचा दिवा काढायचा नाही, फक्त त्यावर टोपी बसवायची, म्हणजे सगळा उजेड पायऱ्यांवरच पडेल, असं मी त्यांना कबूल केलं. तो खांब आपण दोघांनीच उभा केलेला. तू तेव्हा माझ्या हाताखाली नवा होतास, आणि दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता. अशा बाईला मी शब्द दिला होता.

वाडीतल्या बाकीच्या दिव्यांच्या टोप्या बाजारातल्या पत्रेवाल्यानं तेलाचे डबे कापून करून दिल्या. पायऱ्यांजवळचा दिवा मोठा, त्याच्या मापाची तेवढी राहिली. उद्या देतो, परवा देतो. तेवढ्यात अमावास्या आली आणि तपासणीची माणसं तीन रात्री आकाश मोजायला येऊन उतरली. उद्यानाला काळ्या आकाशाची मान्यता मिळणार की नाही, ते त्या मोजमापावर होतं. टेकडीवरून बघितलं तर तोच एक दिवा डोळ्यांत घुसत होता. चार वर्षांची पायपीट एका पत्र्याच्या टोपीपायी फुकट जाणार, या विचारानं मला रडू यायचं बाकी होतं.

खांबावरच्या पेटीतला फ्यूज मी काढला, रोहिदास. मीच. संध्याकाळी, आसपास कोणी नसताना काढला आणि खिशात घातला. सांगायला म्हणून पारूबाईंच्या दारापर्यंत गेलो होतो. त्या भाकरी थापत होत्या. नको म्हणतील अशी धास्ती वाटली आणि तसाच मागे वळलो. तीन रात्रींचा तर प्रश्न, त्या सातला झोपतात, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या रात्री शेळी ओरडायला लागली म्हणून त्या उठल्या.

सकाळी वाडी जमली तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारलं, कारण विजेतलं मला कळतं. "लाइनमध्ये फॉल्ट असेल, नवनाथला विचारा," एवढंच मी बोललो. पुढचं सगळं तुम्ही माझ्या शब्दावर विसंबून केलंत. पेटीतला फ्यूज कोणीतरी काढलाय, असं तो बिचारा घसा फोडून सांगत होता, आणि आपली चूक झाकतोय म्हणून वाडीनं त्याला शिव्या घातल्या. मी तिथेच उभा होतो. फ्यूज माझ्या खिशात होता. परवा मान्यतेचा कागद आला, उद्यानात पेढे वाटले. मी पेढा खाल्ला, तेही इथं लिहून ठेवतो.

हे तुला तोंडानं सांगायला हवं होतं. अकरा दिवस रोज येऊन बसलो, जमलं नाही. उद्या चौकशीला मी येणारच आहे. पण तिथल्या साहेबांनी "या गोपाळकृष्णराव, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली, की माझं तोंड पुन्हा मिटेल, एवढं मी आता स्वतःला ओळखतो. म्हणून हे पत्र लिहिलंय. आज मोहोपाड्याला तुझ्या घरी येऊन तुझ्या बायकोच्या हातात देतोय, म्हणजे मला परत घेता येणार नाही. उद्या नवनाथला उभं करतील तेव्हा हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. मी खुर्चीत बसलेला असेन. माझ्याकडे बघून मध्येच थांबू नकोस.

तुझाच,
गोपाळकृष्ण