डोळ्यांतली हळद

५ जानेवारी
लागली बाई नोकरी एकदाची! नाशिकला बाळांच्या दवाखान्यात, काचपेट्यांच्या खोलीत नर्स. निफाडहून निघताना आईनं डब्यात कोंबलेले लाडू निम्मे इथल्या शुभांगी सिस्टरांनीच संपवले. त्या माझ्या वरच्या. बोलायला तिखट, मनानं चांगल्या. मला पेठच्या तृप्तीची मुलगी दिलीय. डिसेंबरातली, तीन महिने आधीच आलेली, किलोभरसुद्धा नाही. आतडं दूध पेलत नाही म्हणून शिरेतून पांढरी चरबी जाते. दिनेश सरांनी बजावलंय, ह्या चरबीवरच ती जगतेय, पण तीच लिव्हरला जड जाते. अंग जरा पिवळं दिसलं की लगेच सांगायचं. वेळेत कळलं तर औषध बदलता येतं.

१२ जानेवारी
बाळाची आजी, झुंबरबाई, रोज काचेपाशी रडते. पाचवीला हळद लागली नाही म्हणून पोर अंग धरत नाही, असं तिचं म्हणणं. आज माझ्या पायाच पडायला लागली. बोटभर लावू दे, लय नाय, म्हणाली. हात धुऊन घेतले आणि लावू दिली, कपाळाला, पोटाला. वर टोपी ओढली. कुणाचं काय जातंय! म्हातारी केवढी खुलली.

८ फेब्रुवारी
हळद आता रोजचीच झालीय. वजनही वाढतंय. आज शुभांगी सिस्टरांनी विचारलं, पिवळट का दिसतेय गं? जीभ चावत हळदीचं सांगितलं. चांगलीच झाडली मला, हळद बंद करायला लावली. पण रंग हळदीचाच ठरला, विषय तिथंच मिटला.

१३ फेब्रुवारी
रंग जात नाही. कोवळी कातडी, मुरली असेल आत. लंगोटही पिवळाजर्द निघतो. सर रक्त तपासणार होते, पण एवढ्याशा जिवातून किती काढणार म्हणून पुढं ढकललं. बरंच झालं.

१९ फेब्रुवारी
ओल्या कापसानं अंग पुन्हा पुसलं. बोळा पांढराच राहतो.
पोट फुगलंय. उजव्या बरगडीखाली बोटाला टणक लागतं. सरांच्या दारापर्यंत गेले, परत आले. विचारतील, इतके दिवस काय करत होतीस —

२१ फेब्रुवारी
आज तिनं डोळे टक्क उघडले. पिवळे. दोन्ही.
डोळ्यांत हळद कशी जाईल — देवा, मी काय केलं —

२३ फेब्रुवारी
सांगितलं. सर ओरडले नाहीत, तेच वाईट. चरबी बंद केली तर जगणार कशावर, चालू ठेवली तर लिव्हर — फार उशीर झाला म्हणाले. अंग आता पिवळंही नाही, हिरवट. सुई टोचली तिथून रक्त येतंय, थांबत नाही —

२६ फेब्रुवारी
नळ्या काढल्या. पहिल्यांदाच आईच्या मांडीवर दिली. सर म्हणाले, त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, तूच सांग.
तृप्तीला वाटतंय बरी झाली. हसतेय. केवढी जड झाली गं, म्हणते. झुंबरबाईनं घरी न्यायला झबलं आणलंय — ताई, कधी सोडणार, विचारते. पुन्हा विचारलं.
श्वास आता — मी अजून सांगितलंच —