तिसरा प्लग

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, आप्पा अजून आहेत. फोनवर तू ‘बरं, बघतो’ म्हणून मोकळा होतोस, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. तेव्हा चहा घेऊन बस आणि ओळीने वाच. आधी शेवटचं पान उघडायची तुझी जुनी खोड आहे, ती आज नको.

झटक्यानंतर आप्पांची उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका कधीही येऊ शकतो, आणि उजव्या हाताची आशा धरू नका. रोज अकराला मी त्यांना गॅरेजमध्ये आणून खुर्चीत बसवते आणि घसरू नयेत म्हणून कमरेला पट्टा बांधते. तिथून ते माझ्या कामावर नजर ठेवतात, आणि काही चुकलं की डाव्या पायाने जमिनीवर ठोकतात. म्हणजे स्वभाव जागेवर आहे. गेल्या महिन्यात त्यांनी कोपऱ्यातल्या झाकलेल्या गाडीकडे बोट केलं आणि मग कानाला हात लावला. रोज तेच, गाडीकडे बोट आणि कानाला हात. मला मठ्ठ डोक्याला कळायला चार दिवस लागले. त्यांना ती गाडी एकदा सुरू झालेली ऐकायची आहे. जाण्याआधी एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि ते माझ्याने पुरं होईना.

कारण तिसरा प्लग. एकोणीस वर्षं उभं असलेलं इंजिन कोरडं फिरवलं तर आत ओरखडे पडतात, हे तुला मी सांगायला नको. चारही प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, हाताने फिरवून बघायचं, मगच चावी. तीन प्लग शहाण्यासारखे निघाले. तिसरा मात्र जागचा हलेना. जोर लावायची सोय नाही, प्लग ज्यात बसतो ते हेड मऊ ॲल्युमिनियमचं आहे, आटे प्लगबरोबर बाहेर आले तर सगळंच गेलं. म्हणून भोवतीची घाण हवेने उडवली, गंज सोडवायचं तेल सोडलं, एक रात्र मुरू दिलं. सकाळी पाना लावला, नखभर ढिला केला, परत थोडा आवळला, पुन्हा ढिला. आप्पांनी शिकवलंय तसंच. कुंई असा आवाज आला आणि प्लग एक अष्टमांश फेरा फिरला. मला इतका आनंद झाला की मी आप्पांकडे वळून हसले. ते हसले नाहीत.

तो दिवस तू विसरला नसशील. याच गाडीचं इंजिन नुकतं बांधून झालं होतं आणि आप्पांनी पहिल्यांदा चारही प्लग तुला बसवायला दिले होते. अठरा वर्षांचा होतास, मिसरूड फुटलं म्हणून भाव खात होतास. आणि मी दहा वर्षांची, खोक्यावर उभी राहून तुला पाने देणारी, म्हणून तू मला दहा नंबर म्हणायचास. आप्पांची पद्धत ठरलेली. प्लग आधी दोन बोटांनी तीन फेरे बसवायचा, बोटांना आटे लागले की मगच पाना. आणि ज्याने बसवला त्यानेच तो त्यांच्यासमोर काढून दाखवायचा. जेवून आल्यावर तू पहिला काढलास, दुसरा काढलास, तिसरा निघाला नाही. तीन गिऱ्हाईकं उभी होती. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले की तुझ्या हाताला डोळे नाहीत. तू फडकं खिळ्याला अडकवलंस आणि महिन्याभरात घर सोडलंस. आप्पांनी त्या गाडीवर ताडपत्री टाकली. कुणी प्लग काढून देतो म्हटलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, ज्याने बसवला तो येऊन काढेल.

आता पुढचं वाचून मला वेडी म्हणशील, म्हण. त्या दुपारी मी भांडी घासायला आत गेले, वीस मिनिटांनी परत आले आणि पाना लावला तर प्लग पुन्हा घट्ट. वाटलं, माझीच चूक. दुसऱ्या दिवशी जरा जास्त ढिला केला आणि प्लगपासून हेडपर्यंत खडूची सरळ रेघ ओढली. दुपारी आत जाताना मुद्दाम शटर ओढून घेतलं. आले तर रेघ तुटलेली, प्लगवरचा तुकडा आवळायच्या बाजूला सरकलेला. पाना खिळ्यावर जिथल्या तिथे. आप्पा खुर्चीत, पट्टा बांधलेला, बक्कल मी लावलं तसंच. मी बॉनेटखाली हात घातला तर इंजिन कोमट होतं. ज्याच्यात पेट्रोलचा थेंब नाही, बॅटरी नाही, ते इंजिन नुकतं बंद केल्यासारखं टिक, टिक करत निवत होतं. मला भीती वाटली, दादा. भर दुपारी, स्वतःच्या गॅरेजमध्ये.

असं पाच दिवस चाललं. मी सोडवायचं, दुपारनंतर ते आवळलेलं मिळायचं. पाचव्या दिवशी आप्पांना भरवायला बसले आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. अंगठ्याला आणि तर्जनीला काळं लागलं होतं. हुंगून बघितलं, गंजाचं तेल. ज्या हाताला माशीही हाकलता येत नाही, त्या हाताला. साबणाने धुतलं, संध्याकाळी परत होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते, रागाने नाही, वाट बघितल्यासारखं. आणि मला एकदम कळलं की ते तुझी वाट बघतायत.

दादा, तो प्लग तू नाही अडकवलास. तू चारही नीट बसवलेस, दोन बोटांनी, तीन फेरे. मी बघत होते. तुम्ही दोघं जेवायला गेलात तेव्हा मी खोक्यावर चढले, लांब पाना घेतला, जोर वाढावा म्हणून त्याला पाइप लावला आणि तिसऱ्या प्लगवर लोंबकळले. का, तर दादाचं काम पक्कं व्हावं म्हणून. दहा वर्षांची अक्कल. आप्पा तुला बोलले तेव्हा मी त्याच खोक्यावर बसून होते, आणि माझं तोंड उघडलं नाही. पुढे मोठी झाले तेव्हाही उघडलं नाही, कारण तोवर गॅरेज माझ्याकडे आलं होतं. गिऱ्हाईकं म्हणायची, पोरीच्या हाताला डोळे आहेत, आणि मी ऐकून घ्यायचे. तू कुठल्याशा ऑफिसात कागद सरकवतोस आणि घरचा नळ गळला तरी माणूस बोलावतोस, हे वहिनीने सांगितलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. तरीही गप्पच राहिले.

त्या संध्याकाळी मी आप्पांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा उजवा हात, तोच, मांडीवरून वीतभर उठला आणि दोन बोटं हवेत फिरली. तीनदा. सोडवायच्या बाजूला. मी उठले आणि पाना न घेताच गाडीपाशी गेले. प्लग दोन बोटांनी निघाला. आटे सरळ आहेत, दादा, एकही तिरका गेलेला नाही. बसवणाऱ्या हाताला डोळे होते. मी तो आप्पांना दाखवला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. पण नवा प्लग मी घेतला तर त्यांनी पाय ठोकला. चौथा लावला, दुसरा लावला, पहिला लावला, काही म्हणाले नाहीत. तिसऱ्याला हात लावला की पाय ठोकतात. त्या जागी स्वच्छ फडकं कोंबून ठेवलंय. नवा प्लग तू बसवायचास आणि चावी तू फिरवायचीस. माझ्यावर चिडून ये, माझ्याशी बोलू नकोस, पण लवकर ये, परवापासून ते जेवत नाहीत. जुना प्लग या पत्राबरोबर ठेवलाय, आटे तूच तपासून घे. काढून आज चार दिवस झाले आणि अजून कोमट आहे. तुझ्या हातात पडेल तेव्हाही असेल, असं मला वाटतं.

तुझीच,
दहा नंबर