नागूबाईंची मुलाखत

३ जुलै, गुरुवार
प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुमच्या शिकवण्यात इनोव्हेटिव्ह काय आहे? हे मला! एम.ए. इतिहास, सेट पास, सहा वर्षं तासिका तत्त्वावर घासतोय, त्या माणसाला! पंधरा दिवसांत मुलांकडून नवीन काही करून दाखवा, नाहीतर यंदा तास विसरा म्हणाले. डोकं सणकलं. ठरलं. मौखिक इतिहास! कापडगिरणीतल्या बायका. ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांचं आम्ही ऐकणार.

५ जुलै
वर्गात ‘ऐकण्याची कला’ यावर दोन तास बोललो. बुद्धप्रिया नावाची मुलगी म्हणाली, सर, आमाला काही विचारायचंय. विचारायचंय कसलं? आधी ऐका की!

९ जुलै
मुलांना घेऊन शुक्रवार पेठेत नागूबाईंकडे. वय शहात्तर, गिरणीत होत्या. पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार कसा? म्हणून सगळी सांगितली. बाई मध्येच म्हणाल्या, तसं नव्हतं बगा. त्यांना नम्रपणे दुरुस्त केलं. रेकॉर्डिंग दोन तास दहा मिनिटं. माझ्यातला संशोधक खूश.

१४ जुलै
मुलांनी रेकॉर्डिंग लिहून आणलं. एकोणचाळीस पानं. नागूबाई: ‘व्हय’ अकरा वेळा, ‘च्या घ्या की’ दोनदा. बाकी मी. कार्ट्यांनी मुद्दाम मोबाइल माझ्याच पुढ्यात ठेवला होता! सरळ कट आहे हा.

१५ जुलै
एकटाच परत गेलो. बाई दारातूनच म्हणाल्या, आज अंग लई दुखतंय. आत बुद्धप्रिया शेंगा सोलत बसली होती. मला बघून मान खाली घातली. नालायक!

१८ जुलै, शुक्रवार
मुलांच्या कामाचं सादरीकरण. सभागृह भरलेलं. नागूबाई पहिल्या रांगेत. ओळख करून द्यायचा मान माझा. रंगात आलो होतो, तेवढ्यात प्राचार्यांनी विचारलं, बाई कुठल्या खात्यात होत्या? मला माहीत नव्हतं. बाईच म्हणाल्या, सूत गुंडाळायच्या खात्यात की वो, बावीस वर्सं. सरांनी इचारलंच न्हाय.
मग बुद्धप्रियानं बाईंकडे जाऊन स्वतः केलेलं रेकॉर्डिंग लावलं. यंत्रांच्या आवाजात खात्यातच निजवलेल्या तान्ह्या पोराचं रडणं ऐकू यायचं नाही, म्हणून बाई त्याच्या पायाला दोरा बांधायच्या, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. हिसका बसला की दूध पाजायला पळायच्या. स्वतःचाच राग आला.
यंदा तास नाहीत.
परत भेटायला येऊ का, असं बुद्धप्रियाकरवी बाईंना विचारलं. संध्याकाळी उत्तर आलं. यिऊ दे की, पर गप बसाय सांग.