आत्याच्या घरातला सेट

बाबा, आपल्या पाड्यावर वायरलेसचा सेट आलाय आणि तो तुझ्या बहिणीच्या घरात आहे. तू असतास तर पोट धरून हसला असतास.

तुझी कासा ते पाडा जीप आठवते. स्टँडवर माणसांबरोबर निरोपही चढायचे, आणि तू ते वाटेत उतरवत जायचास. मी पुढच्या सीटवर. एकदा एका म्हातारीचा लांबलचक निरोप तू मला द्यायला लावलास आणि मी तिच्या लेकीला एवढंच सांगितलं, "आई बरी आहे." तू वळणावरून जीप मागे आणलीस. "आणि शेळी व्याली ते कोण सांगेल? म्हातारीने तेच आधी सांगितलं होतं." सगळं सांगून होईपर्यंत तू मला गाडीत घेतलं नाहीस. मागची माणसं हसतायत, मी रडकुंडीला आलेय.

पदवी झाल्यावर मी डहाणूच्या हॅम रेडिओ क्लबात गेले. इकडे जमिनीला हादरे बसतात, मोबाइल बंद पडतात. तेव्हा ही हौशी माणसं आपल्या सेटवरून निरोप पोचवतात. तू करायचास तेच, फक्त परीक्षा देऊन, परवाना काढून. मीही तो काढला. क्लबकडे एक सेट जादा होता. तो तलासरीला हायवेलगत ठेवायचा की आपल्या पाड्यावर, यावर वाद. क्लबचे अध्यक्ष, चिकूच्या वाडीवाले काका, म्हणाले, "पाड्यावर सगळे एकदम बोलतील गं." मी हट्टाला पेटले. शेवटी ठरलं, रविवारी सराव करायचा. पाड्यातल्या कुणीतरी बोलायचं. निरोप नीट पोचला तर सेट आमचा.

काका कासाला, आम्ही शाळेच्या ओट्यावर. आत्या पुढे झाली. अख्खा पाडा चिडीचूप.

"हॅलो दादा, जेवलात का?" विचारलं आणि बटण दाबूनच उत्तराची वाट बघत बसली. बटण सोडल्याशिवाय पलीकडचं ऐकू येत नाही, म्हणून मी तिचा अंगठा उचलला.

"जेवलो ताई. निरोप सांगा, ओव्हर."

"शाळेची भिंत पडली. तिघांना लागलंय. एक पोटुशी आहे, तिला चालवत नाही. गाडीच पाठवा. पण खोटं खोटं हां दादा, घाबरू नका. ओव्हर!"

"अहो ताई, सराव आहे हे आधी सांगायचं! माहीत असूनही मी चपला शोधायला लागलो ना." मग हसू आवरून काकांनी निरोप परत वाचून दाखवला. शब्दन् शब्द बरोबर, 'घाबरू नका'सकट.

"सेट पाड्यावरच राहू दे," काका म्हणाले. "सांभाळणार कोण?"

मी घसा साफ केला, तेवढ्यात सगळे ओरडले, "आत्या!"

आता ती परीक्षेचा अभ्यास करते. परवाना मिळेपर्यंत मी शेजारी बसायचं, आणि गणित चुकलं की शिव्या मी खायच्या.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आत्याला तर नाहीच. त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या, बाबा, पण मनातून जरा रुसले होते.