सुकी आणि तिची पुढील वाढ

१४ सप्टेंबर २००२, शनिवार

पोचले एकदाची! रिचमंडच्या विमानतळावर शशिकांतकाका स्वतः घ्यायला आले होते. बाबांचे अमरावतीचे वर्गमित्र. इकडे येऊन तीस वर्षं झाली, हार्टचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. फोटोत दिसायचे त्यापेक्षा वाळलेत, पण बोलणं अजून तसंच वऱ्हाडी. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, रेणू, ठेचा करता येतो का अजून? मी म्हटलं, मिरच्या दाखवा फक्त.

विनयच्या कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी रेडमंडला पाठवलंय. तिथे ऑफिसातली चौघं मिळून एका अपार्टमेंटमध्ये राहणार, त्यात मी कुठे मावणार? सनीव्हेलचं घर सोडावंच लागलं. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावरचा, त्यावर नोकरी चालत नाही. मग बाबांनीच काकांना फोन केला. काका म्हणाले, घरचीच म्हणून येऊ दे, एवढं मोठं घर रिकामं पडलंय. दोन वर्षांपूर्वी शैलजाकाकू गेल्या, तेव्हापासून ते एकटेच आहेत.

आणि घर तरी कसलं! नदीकाठी, लाल विटांचं, अमेरिका इंग्रजांची होती तेव्हाचं. विदरबी नावाच्या तंबाखूच्या मळेवाल्यांचं. मी म्हटलं, नाव तर विदर्भातलंच वाटतंय. काका इतके हसले की गाडी कडेला घ्यावी लागली. घराण्यातली शेवटची म्हातारी वारली तेव्हा काकांनी घर सामानासकट घेतलं. भिंतींवर अजून सगळ्या विदरबींची तैलचित्रं आहेत. माझ्या खिडकीतून नदी दिसते. सनीव्हेलला पार्किंग लॉट दिसायचा.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काकांना त्या घराण्याची वंशावळ तोंडपाठ आहे. पोहे खाता खाताच सुरू होतात. पहिला टॉमस विदरबी इंग्लंडहून आला, येताना माणसं घेऊन आला, आणि जितकी माणसं आणली त्या हिशोबाने त्याला जमीन मिळाली. मग त्याचा मुलगा, नातू, कोणत्या मळेवाल्याची मुलगी कोणाकडे दिली, तिच्याबरोबर काय आलं. मृत्युपत्रंसुद्धा पाठ. दुसऱ्या टॉमसने थोरल्याला जमीन दिली, धाकट्याला गिरणी, आणि मुलीला, मार्थाला, पिसांची गादी, चांदीचे चमचे, 'सुकी आणि तिची पुढील वाढ'.

मला वाटलं, सुकी म्हणजे गाय. काका म्हणाले, नाही गं, बाई होती. गुलाम. सुझनचं लाडकं नाव सुकी. वाढ म्हणजे तिला पुढे होणारी मुलं. जन्मायच्या आधीच वाटून दिलेली. माझा घास तोंडातच राहिला. काकांनी पोहे परत वाढून घेतले.

मग स्वतःचं सांगत बसले. वाटण्या झाल्या तेव्हा त्यांच्या वडिलांच्या वाट्याला भिंतसुद्धा आली नाही, भावांनी सगळं लाटलं. इथे तीस वर्षं लोकांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तरी प्रत्येक जण विचारणार, तुम्ही मूळचे कुठले? आता म्हणे सांगतो, विदरबी हाउसचा. पुढे कोणी काही विचारत नाही. मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

२८ सप्टेंबर, शनिवार

आज काकांनी माझं फार कौतुक केलं. चांदीचे चमचे काय लख्ख घासलेस म्हणे. मी चमच्यांना हातही लावलेला नाही. मला वाटलं, साफसफाईला कोणी बाई येत असेल. काका म्हणाले, नाही, ती पद्धतच नाही या घराची.

परवाही असंच झालं. त्यांचा पलंग घातलेला, चादरीचे कोपरे दुमडलेले. मी त्यांच्या खोलीत पाऊल ठेवलेलं नव्हतं. म्हातारं माणूस आहे, स्वतःच करून विसरत असतील.

मागच्या अंगणात जुनं स्वयंपाकघर आहे, घरापासून वेगळं, विटांची चूल असलेलं. दुपारी सहज आत डोकावले. चुलीतली राख कोमट होती. ऊन येत असेल वरून.

५ ऑक्टोबर, शनिवार

काका आता 'त्यांचा टॉमस' म्हणत नाहीत. 'आपला टॉमस' म्हणतात. आपली नदी, आपल्या मार्थाचं लग्न. दिवाणखान्यात एका विदरबीच्या चित्राखाली उभे होते. नाक तसंच दिसलं. मी नजर वळवली.

आज लिहायचं ते हे नव्हतं. दुपारी मी जिन्यावर होते. खालून हाक आली आणि मी 'आले' म्हणून खाली गेले. त्यांना पाणी हवं होतं. पाणी दिलं, परत वर आले, आणि मग लक्षात आलं की हाक 'रेणू' अशी नव्हतीच. 'सुकी' अशी होती.

चेष्टा करत असतील. मी ओ कशी दिली?

माझ्या हातांना चांदी घासायच्या पावडरीचा वास येतोय. दोनदा धुतले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज मात्र चांगलं काहीतरी लिहायचं आहे. टेस्ट पॉझिटिव्ह! कॉलिंग कार्डावरची सगळी मिनिटं आजच संपवली. विनयने मीटिंग कॅन्सल केली आणि बाहेर पावसात उभा राहून बोलत बसला. नावंसुद्धा काढली वेड्याने.

काकांना सांगितलं. पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, वाढ झाली.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण जेवताना परत म्हणाले. आणि म्हणाले, आता वकिलाकडे जाऊन सगळं नव्याने करायला हवं. घर, चित्रं, चमचे, सगळं नातवाला, जयला द्यायचंय. जय म्हणजे त्यांच्या मुलीचा, अनिकाचा मुलगा, सहा वर्षांचा आहे. बोलताना माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याकडे नाही. पोटाकडे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काका वकिलाकडे गेले होते तेव्हा अनिकाचा फोन आला. अमेरिकेतच जन्मलेली, ॲन आर्बरला शिकवते. मराठी अडखळत बोलते. तिला काकांशी नाही, माझ्याशीच बोलायचं होतं. ती या घरात येत नाही, जयला आणत नाही. मी काही विचारायच्या आतच तिने विचारलं, "रेणू, बाबांनी तुला नाव दिलं का?"

ती म्हणाली, आईलाही दिलं होतं. घर घेतल्यावर वर्षभरात. आई, जी कधी कुणाचं ऐकून घेत नसे, ती नळ सोडून नदीवरून पाणी आणायला लागली. डॉक्टर म्हणाले हार्ट. पण आईचे हात सोलले होते, रेणू, माझ्या आईचे हात. मी इंग्लिशमध्ये ओरडले, मराठीत ओरडले, ती माझ्याकडे पाहुण्यासारखी बघायची. जस्ट गेट आउट ऑफ देअर, म्हणाली. बॅग भरू नकोस, काही करू नकोस, चालत नीघ.

काका आल्यावर मी म्हटलं, मला विनयकडे जायचंय. आणि मला सुकी म्हणू नका. ते रागावले नाहीत. खुर्चीत बसले, बूट काढण्यासाठी पाय पुढे केले आणि अगदी मायेने म्हणाले, "घरचीच म्हणून ये, असंच म्हणालो होतो ना मी? घरचीच. घराचीच."

बूट मी काढले. मला काढायचे नव्हते.

२० ऑक्टोबर, रविवार

सकाळी काका चर्चला गेले. हल्ली जातात. मला ड्रायव्हिंग येत नाही, पण रस्ता सरळ आहे, दुतर्फा झाडं, पुढे हायवे. पर्स घेतली आणि निघाले. गाड्यांचा आवाज ऐकू यायला लागला. हायवेवरचा पिवळा ट्रक दिसला, एवढं नक्की आठवतं.

मग मी जुन्या स्वयंपाकघराच्या दारात होते. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. पर्स नाही. ऊन डोक्यावर आलेलं.

आत बायका होत्या. भर दुपारी. भिंतीलगतच्या बाकावर ओळीने बसलेल्या, डोक्याला फडकी बांधलेल्या. कोणी सोलत होती, कोणी घासत होती. आवाज अजिबात नाही. मला ओरडता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच सहन होत नाही. दमलेली माणसं नवीन माणसाकडे बघतात तसं बघितलं. टोकाच्या बाईच्या अंगात हिरवा कार्डिगन होता. दिवाणखान्यातल्या फोटोत शैलजाकाकूंच्या अंगात आहे तोच.

त्या सगळ्या थोड्या थोड्या सरकल्या. काकूंच्या शेजारी जागा केली.

काकू मात्र मान हलवत होत्या. बसू नकोस, अशी. किती वेळ हलवत होत्या.

मी बसले नाही. पळत घरात आले. दार लावून लिहितेय.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

कार्ड संपलं होतं. विनयला कलेक्ट कॉल केला, पैसे त्याने भरायचे तो. मला घेऊन जा म्हटलं, आत्ता ये म्हटलं. काय झालं विचारलं त्याने, मला सांगता येईना. शब्द आठवतात पण तोंडापर्यंत येत नाहीत. तो घाबरला. शनिवारी सकाळी पोचतो म्हणाला. बाळ बरं आहे ना, विचारत होता.

काका दारात उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, पाहुणा येणार तर हॅम कर.

मी आयुष्यात मांस शिजवलेलं नाही. हातांना येतं. सगळं येतं.

२४ ऑक्टोबर

तळहातांची सालं निघताहेत. काका वकिलाने केलेलं मोठ्याने वाचून दाखवत होते. घर. नदीपर्यंतची जमीन. चमचे. पुढे एक नाव होतं आणि पुढील वाढ. मी म्हटलं, बाळ माझं आहे. काका चित्राकडे बघत होते. चित्रातला काकांकडे —

मी पोटावर हात ठेवून म्हणते. तू माझं. विनयचं. अमरावतीला तुझे आजोबा आहेत. तुला कोणी वाटून देणार नाही. मोठ्याने म्हणते. पुन्हा पुन्हा —

२५

वहीच्या पहिल्या पानावर नाव आहे. वाचता येतं. र ला काना नाही, मात्रा आहे. णू. वाचता येतं, पण हे कोणाचं —

माझं. माझं आहे. उद्या शनिवार. जागी राहायचं, बाकावर बसायचं नाही. काकू रोज मान हलवतात. बाकीच्यांनी आता वर बघणंही सोडलंय, जागा मात्र तशीच ठेवलीये —

शनिवार

विनय आला. भाड्याची गाडी, निळी. खिडकीतून बघितलं. माझा विनय, दाढी वाढलेली, तोच शर्ट. धावले. जिन्यावरून धावलेच होते मी, पण दिवाणखान्यात पोचले तेव्हा हातात ट्रे होता. लिंबाचं सरबत.

काका त्याला सांगत होते, ती सकाळपासून दिसली नाही, तुला वाटलं तर शोध, घर तुझंच आहे. विनय उभा होता. मी त्याच्यासमोर गेले. त्याच्या अगदी समोर. त्याने ग्लास उचलला. माझ्याकडे बघितलं, म्हणजे ट्रेकडे, ट्रेच्या थोडं वर.

"थँक यू," म्हणाला. इंग्लिशमध्ये.

विनय म्हटलं मी. विनय, मी आहे. तोंडातून निघालं ते यस सर.

तो वर धावला. मी इथे मागे आले, वही घेऊन. लिहून त्याच्या हातात द्यायचं, अक्षर तरी ओळखेल. पण उभं राहवत नाही. पाय फार दुखतात. थोडं टेकले आहे, फक्त बाकाच्या कडेला. काकूंनी तोंड फिरवलं. रडताहेत का —

वर तो हाका मारतोय. खोल्याखोल्यांतून. पलंगाखाली बघत असेल, कपाटं उघडत असेल. फार जीव आहे त्याचा तिच्यावर. आवाज फाटलाय. पोटुशी आहे म्हणतो, कुठे गेली असेल.

ऐकवत नाही. एवढ्या हाका मारतोय तो बिचारा. कोण असेल, कुठे असेल, तिने एकदा तरी ओ द्यायला ह