सम्यकचा नंबर

रविवार, ९ जानेवारी २००५

सम्यकला सकाळी बसच्या स्टेशनवर सोडून आलो, जर्मनीला शर्यतीला निघालाय. दोन बॅगा. कपड्यांची लहान, बुटांची मोठी! बुटांच्या तळव्यांना बारीक सुया असतात, बर्फावर पाय सरकू नये म्हणून. सिंधूनं चकल्यांचा डबा पुढे केला तर म्हणतो, "आई, वजन." शर्यतीच्या गाडीचं आणि तिच्यातल्या चौघांचं वजन एकत्र मोजतात म्हणे, जास्त भरलं तर बाद. सिंधूनं डबा तरीही बॅगेत कोंबला.

सव्वीस वर्षांचा घोडा. अकाउंटन्सीची बरी नोकरी सोडून दोन वर्षं झाली. नागपूरहून थोरल्या भावाचा फोन आला की मी "स्पोर्ट्समध्ये आहे" एवढंच सांगतो. बॉबस्ले म्हणजे काय ते मलाच गेल्या वर्षी कळलं, त्यांना काय समजावणार?

शुक्रवार, १४ जानेवारी

नववीच्या वर्गानं आज आलेख चुकीचे वाचले. तिसापैकी बावीस जणांनी अक्षावर काय लिहिलंय ते न बघता उत्तर ठोकून दिलं. पंचवीस वर्षं साउथहॅम्प्टनमध्ये एकच वाक्य शिकवतोय — आधी मथळा वाचा, मग आकडा. कोणी ऐकत नाही.

स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, तुमचा मुलगा नक्की करतो काय. सांगितलं: चौघं मिळून एक लोखंडी होडी बर्फावर ढकलतात, पळता पळता एकेक जण उडी मारून आत बसतो, आणि मग ती बर्फाच्या नाल्यातून खाली जाते. पहिला चालवतो. सम्यक सर्वांत मागे. ढकलायचं, शेवटी उडी मारायची, डोकं खाली घालून बसायचं आणि शर्यत संपल्यावर ब्रेक ओढायचा. "मग मधल्या वेळात तो काय करतो?" म्हणे. काही नाही. भार असतो.

सांगताना मलाच ते जरा कमीपणाचं वाटलं.

बुधवार, १९ जानेवारी

नंदूचा मिल्टन कीन्सहून फोन. पोरगा आयटीतला, पण इथल्या आपल्या लोकांच्या समितीचं सचिवपद मनापासून सांभाळतो. ३० तारखेला वेम्बलीला प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम आहे. संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन नेहमीप्रमाणे माझ्याकडे. सत्कारमूर्ती दोन ठरलेत — निवृत्त झालेल्या एक नर्सबाई आणि पीएच.डी. झालेला एक मुलगा. "सर, आपल्या सम्यकचं काय?"

म्हटलं, काही आणलं तर बघू. आमच्या लोकांना सत्काराचं फार वेड. गेल्या वर्षी एकाला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला म्हणून शाल दिली! सत्कार कर्तृत्वाचा व्हावा, हजेरीचा नव्हे. नंदू हसला. "सर, आपल्या माणसांना कुणी कधी शाल दिली होती? म्हणून आपण देतो एकमेकांना." मुद्दा चुकीचा नाही, पण म्हणून काय कुणालाही द्यायची?

शनिवार, २२ जानेवारी

आज पहिल्या दोन फेऱ्या, उद्या दोन. चारही फेऱ्यांची वेळ मिळून नंबर. इथे टीव्हीवर काही दाखवत नाहीत. इंटरनेट लावून बसलो, पान उघडता उघडत नाही. फोनची लाईन अडकते म्हणून सिंधूची कुरकुर. एकदाचं उघडलं तर नुसत्या भाग घेणाऱ्यांच्या नावांची यादी. चोवीस गाड्या. ब्रिटनच्या दोन, आमची दुसरी. सगळ्यांत शेवटी 'एस. मेश्राम'. त्या सगळ्या जर्मन आणि रशियन नावांत आमचं मेश्राम. बराच वेळ बघत बसलो.

रविवार, २३ जानेवारी

तिसरा! माझा सम्यक तिसरा!

जेवून उठलो, मशीन लावलं, पान उघडलं. सगळं जर्मनमध्ये. जर्मन येत नाही, पण आकडे ते आकडेच. तक्ता उघडला आणि तिसऱ्या ओळीत ब्रिटन दोन, गॅरेथचं नाव — गॅरेथ म्हणजे त्यांचा गाडी चालवणारा — आणि शेवटी मेश्राम. ब्राँझ! सिंधूला हाक मारली, तिनं पिठाच्या हातानं चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं आणि रडायलाच लागली. मीही जरा.

लगेच नंदूला ईमेल. मग समितीच्या सगळ्या यादीला. मग नागपूरला भावाच्या मुलाला, वडिलांना वाचून दाखव म्हणून. शाळेतल्या मित्रांना. कुणी राहायला नको म्हणून पुन्हा एकदा सगळ्यांना. सिंधू म्हणाली, "आधी पोराचा फोन तर येऊ द्या. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." म्हटलं, तक्ता समोर आहे, फोन कशाला हवा?

नंदूचं दहा मिनिटांत उत्तर. बॅनर करतोय. जय भीम, सर, छाती भरून आली, असं लिहिलंय. माझीही.

सोमवार, २४ जानेवारी

हेडमास्तरांनी सकाळच्या सभेत जाहीर केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नववीचा वर्गसुद्धा.

संध्याकाळी सम्यकचा फोन. "काल मी किती ट्राय केला, बाबा, लाईन एंगेज्डच." मी म्हटलं, अरे, आम्ही सगळ्यांना कळवत होतो! अभिनंदन! तो म्हणाला, "थँक्स. एटीन्थ. आम्हाला ट्वेंटीच्या आत पाहिजे होता, सो आम्ही खूप खूश आहे."

मी म्हटलं, अठरावे कसे? मी स्वतः तक्ता पाहिला.

मग त्याला कळलं. हसायला लागला. वरचा तक्ता नुसत्या ढकलण्याच्या वेळेचा होता. पहिले पन्नास मीटर. त्यात ते तिसरे. खरा निकाल त्याच पानावर खाली होता. मी खाली गेलोच नाही. "पुश आमचा टॉप क्लास होता, बाबा. मग कॉर्नर्समध्ये टाइम गेला. गॅरेथचा हा पहिला सीझन आहे, ही डिड वेल." पुढे म्हणाला, "नंदूअंकलचा ईमेल आला. संडेला वेम्बली ना? मी बॉइजना सांगितला. दे आर वेल एक्सायटेड, त्यांना कधी कोणी शाल दिला नाही. फक्त अंकलला सांगा, थर्ड नाही, एटीन्थ."

मी म्हणालो, बघू.

अठरावा! चोवीसात अठरावा. वर्गात अठराव्या आलेल्या पोराच्या बापाला मी काय बोलतो ते मला माहीत आहे.

मंगळवार, २५ जानेवारी

सिंधूचं म्हणणं, दोन ओळींचं काम आहे. चूक झाली, अठरावा नंबर, सत्कार आहे तसाच. "तो खूश आहे ना? मग तुम्हाला काय झालं?" मला काय झालं! गणिताचा मास्तर, तक्ता वाचता आला नाही. हसं होईल. आणि अठराव्या नंबराला शाल घालायची, तीही बापानं पासपोर्टवाल्याला नावं ठेवल्यावर!

नंदूला फोन केला. सम्यकला जर्मनीतून येता येत नाही, त्याचा कार्यक्रम काढून टाक. बॅनर झालंय म्हणाला बिचारा. म्हटलं, राहू दे, पुढे कामाला येईल. नंबराचं काही बोललो नाही. त्याच्या जागी त्यानं बुद्धिबळातली एक मुलगी घेतली.

सिंधू ऐकत उभी होती. "तुमची चूक, आणि भोगायची त्यानं," म्हणाली आणि आत गेली.

बुधवार, २६ जानेवारी

हेडमास्तर विचारत होते, पदक शाळेत दाखवायला आणता येईल का. बँकेच्या लॉकरमध्ये आहे म्हणालो. आणखी एक खोटं!

गुरुवार, २७ जानेवारी

सम्यकला सांगायला हवं की रविवारी येऊ नकोस. मोबाईल लावला, निरोप ठेवा असा आवाज आला. मशीनला काय सांगणार? ठेवून दिला. उद्या करतो.

शनिवार, २९ जानेवारी

काल केला नाही. आज ते विमानात असतील. दमून येतील, इतक्या लांब वेम्बलीला कशाला फिरकतील? सिंधूनं दोनदा विचारलं, सांगितलंत का? मी "हो हो" म्हणालो.

सोमवार, ३१ जानेवारी

कालचं लिहून काढतो. काल हात उचलला नाही.

ईलिंग रोडवर पार्किंगला जागा मिळेना, तरी वेळेत पोचलो. बुद्धवंदना झाली. मी प्रास्ताविका वाचायला उभा राहिलो. 'दर्जाची व संधीची समानता' इथपर्यंत आलो आणि मागचं दार उघडलं. चौघं. निळी जाकिटं, पाठीवर झेंडा. खांदे दारात मावेनात. सम्यकनं आत टाय लावला होता. शेवटच्या रांगेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसले. मी पुढचं वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही, पाठ आहे म्हणून निभावलं.

नंदू वाकून स्टेजवर आला. त्याचा चेहरा नुसता फुललेला. "सर, आला की हो! एक शाल जास्तीची आहे. बाकी तिघांना फुलं देऊ. बॅनर गाडीत आहे, आणू?" मी म्हणालो, नको, उशीर झालाय. "पाच मिनिटं, सर." नको म्हटलं ना, मी जरा जोरातच बोललो. तो बिचारा परत माईकपाशी गेला.

त्यानं माईकवर 'तिसरा' म्हटलं असतं. सम्यकनं तिथल्या तिथे दुरुस्त केलं असतं, तो तसाच आहे. नाहीतर मला उठून सांगावं लागलं असतं. बोलायचं काय तेही ठरलेलं होतं, एकच वाक्य. खुर्चीवरून उठलो नाही. याच स्टेजवरून मी दरवर्षी पोरांना सांगतो, खरं बोलायला घाबरू नका.

नर्सबाई झाल्या. पीएच.डी. झाला. दर वेळी नंदू माईकपाशी गेला की गॅरेथ सावरून बसायचा, जाकिटाची चेन वर ओढायचा. सम्यक त्याच्या कानात काहीतरी सांगायचा. बहुतेक, अजून नाही, पुढचं आपलं. मग बुद्धिबळाची मुलगी झाली. मग आभार. चौघांनी टाळ्या वाजवल्या. सम्यकनं माझ्याकडे बघितलं, मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे.

जेवणाच्या रांगेत समितीतल्या नीनाताईंनी त्याला गाठलं. त्या जिलेबी वाढत होत्या. "तूच ना रे तिसरा आलेला?" मी मागेच उभा, हातात रिकामी प्लेट. सम्यक म्हणाला, "नाही आंटी, एटीन्थ. पुशिंगमध्ये थर्ड." नीनाताई म्हणाल्या, "मग काय झालं? आमच्या घरातलं कुणी जगात अठरावं आलंय?" आणि त्याच्या पानात दोन जिलेब्या जास्तीच्या टाकल्या. संपलं. कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. ज्याच्यासाठी मी आठवडाभर खोटं बोललो ते इतक्यात उरकलं, जिलेबीच्या रांगेत.

गॅरेथ जाताना हात मिळवून गेला. "थँक्स फॉर हॅविंग अस, मिस्टर मेश्राम. लव्हली फूड."

पार्किंगमध्ये मी सम्यकच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, पुढच्या वर्षी मेडल घेऊन ये, मग बघ कसा सत्कार करतो, बँड लावतो. तो म्हणाला, "हो, बाबा." सिंधूला बराच वेळ मिठी मारून उभा होता.

आज सकाळी सिंधूनं चहा ठेवला, माझा ठेवला नाही.

मंगळवार, १ फेब्रुवारी

सगळ्यांना ईमेल केली. अठरावा. चूक माझी. नागपूरला भावाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, बर्फावर जाऊन जिवंत परत आला ना, मग झालं. हेडमास्तरांना भेटून लॉकरचंही सांगितलं. आश्चर्य म्हणजे कुणालाच फारसं काही वाटलं नाही. नंदूनं विचारलं, एप्रिलमध्ये जयंतीला घेऊ का चौघांचा? मी म्हटलं, पुढचा सीझन होऊ दे, त्यांना अजून वर जायचंय.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

सम्यकचा फोन. मीच उचलला. पाठीतली चकती सरकलीय. डॉक्टरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं, फार तर ही एक शर्यत, त्यापुढे नाही. आम्ही काळजी करू म्हणून बोलला नाही. त्या तिघांना माहीत होतं. आज त्यानं बूट परत केले.

"लास्ट वन होता, बाबा. म्हणून सगळ्यांना घेऊन आलो होतो," म्हणाला.

फोन सिंधूकडे दिला.